वीस मिनिटं, एक काचेची नळी

सरकारी दवाखाना म्हटलं की माझं नाक मुरडतं, आधीच सांगते. पण भातकापणीत मुळशीच्या मामाला घोणस चावली आणि मी कोथरूडहून धावत पोचले, तर उपचार सुरूसुद्धा झालेले. कुणीतरी पायाला करकचून सुतळी बांधली होती. डॉक्टरीणबाईंनी आधी सलाइन लावलं, मग ती सावकाश सोडली. काचेच्या कोरड्या नळीत 2 मिली रक्त घेऊन नळी टेबलावर ठेवली. "20 मिनिटं हात लावायचा नाही." (प्लास्टिकची नळी चालत नाही, काचेनंच रक्त गोठतं म्हणे.) वेळ झाल्यावर कलती केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विषानं ते गोठतच नव्हतं. लगेच प्रतिविषाच्या 10 कुप्या सलाइनमधून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच औषध, घोड्यांच्या रक्तापासून केलेलं. अंगावर पित्त उठतंय का, बीपी उतरतंय का, हे बघत सिस्टर खाटेपासून हलल्या नाहीत. सहा तासांनी पुन्हा नळी. या वेळी गोठलं!

बिल शून्य. नातेवाइकांना बसायला मात्र एक मोडकं बाकडं, आणि संडासाच्या नळाला पाणी नाही. पाच ताऱ्यांतला एक त्याचा कापते.

शुद्धीवर असलेला मामा रात्रभर एकच विचारत होता, विळा कुणी उचलला का.