ब्लेंडरप्रॉक: रिकाम्या कप्प्यात दिसलेली गोळी

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत बाबांचं छोटं वर्कशॉप आहे. औषधाच्या स्ट्रिपमधला एखादा कप्पा रिकामा राहिला तर कॅमेऱ्याने तो पकडायचा, अशी यंत्रणा आम्ही बसवून देतो. तिची चाचणी घ्यायला मी आठ महिन्यांपासून ब्लेंडरप्रॉक वापरते आहे.

संगणकावर खऱ्यासारखी चित्रं बनवणारं, जर्मन एरोस्पेस सेंटरमध्ये तयार झालेलं हे साधन मोफत आणि ओपन सोर्स आहे. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायची. प्रत्यक्ष चित्र काढणारं ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर ते स्वतःच डाउनलोड करून घेतं. चित्राबरोबर कुठला पिक्सेल कुठल्या वस्तूचा हेही मिळतं, त्यामुळे हाताने खुणा करत बसावं लागत नाही.

माझ्यासाठी खरी किंमत मात्र दुसऱ्याच गोष्टीची. कारखान्यातल्या लाइनवर दिवा जरा सरकवला की उंचीही बदलते, तोवर स्ट्रिप तिरकी झालेली असते; चूक कशामुळे झाली ते कळतच नाही. ब्लेंडरप्रॉकमध्ये बाकी सगळं जागच्या जागी ठेवून मी फक्त दिव्याचा कोन पाच-पाच अंशांनी फिरवला. एका कोनात रिकाम्या कप्प्याच्या प्लॅस्टिकवर पांढरी गोल चमक आली आणि आमच्या यंत्रणेने ती गोळी म्हणून मोजली! मी हादरलेच. अशी स्ट्रिप कुणा आजारी माणसाच्या हातात पडली असती. लगेच खरी स्ट्रिप घेऊन तोच कोन लावला, तर तिथेही तेच. बाबांना दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "हा दिवा आजच उतरव."

चमक मारायला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर, लावायचं ठरलं, पण ती चाचणी ब्लेंडरप्रॉकमध्ये होत नाही. ब्लेंडरमध्ये चित्र तयार करणारं सायकल्स इंजिन प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, हिशोबात घेत नाही. मित्सुबा 3 हे तशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर ते घेतं, पण आम्ही ते काम सरळ खऱ्या स्ट्रिपवर केलं. चित्रातले दाणे पुसणारा डिनॉइझरही जपून वापरा. टवका उडालेल्या गोळीची कड तो गुळगुळीत करू शकतो. मी तो बंद ठेवून सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलमागे तपासलेले प्रकाशकिरण, वाढवते. रेंडरला, म्हणजे चित्र तयार व्हायला, वेळ लागतो, लागू दे.

सगळ्यात जास्त मेहनत स्ट्रिपच्या चकचकीत फॉइलवर गेली. रफनेसचा, म्हणजे पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचा, आकडा अंदाजाने टाकला तर चित्र देखणं येतं आणि चाचणी खोटी ठरते. खऱ्या फोटोशी ताडून पाहण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. आता नवीन फॉइल आली की आधी तिचा तुकडा दिव्याखाली धरून फोटो काढते, सीनला हात त्यानंतरच.