हेअरलूम टोमॅटो बियांपासून, 7 महिन्यांनंतर

सप्टेंबरच्या शेवटी ऑनलाइन हेअरलूमच्या, म्हणजे पिढ्यानपिढ्या बी धरून जपलेल्या जुन्या जातींच्या, बियांची तीन पाकिटं मागवली, चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम आणि ब्रँडीवाइन, आता एप्रिल संपत आलाय आणि कालच शेवटचं झाड उपटलं. पुण्यात गच्ची आहे आमची, ऊन भरपूर.

उगवण मस्त झाली, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) सहाव्या दिवशी कोंब. पण ब्रँडीवाइनमध्ये फसले. त्याचं पान बटाट्यासारखं असतं, कडा सरळ, कातर नाही. माझी सगळी रोपं कातरलेल्या पानांची! शंका तेव्हाच आली होती पण हाताने लावलेलं उपटवेना, चार महिने पाणी घातलं आणि लागले काय तर मंडईत मिळतात तसले जाड सालीचे लाल टोमॅटो. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही.

चेरोकी पर्पलची 3 झाडं, मिळून 11 फळं, बस. त्यातली पहिली चार खालून काळी पडली, मी रोग समजून निंबोळी तेल मारत बसले आणि नंतर कळलं की मीच एक दिवस बदाबदा पाणी घालते आणि दोन दिवस विसरते, त्यामुळे फळाला कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफलं पण टाकून बघितली, ती कुजायलाच कितीतरी महिने लागतात. रोज सकाळी मापाने पाणी आणि वर वाळका पाला, मग थांबलं.

ब्लॅक क्रिमला मात्र तोड नाही. सासूबाईंनी पहिला हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं हा आतून गेलाय." देठाकडे हिरवा, बाकी विटकरी काळपट, कापल्यावर तर अजूनच संशयास्पद. नुसतं मीठ लावून खाल्ला, आंबट कमी आणि खारट-गोडसर चव, भाजीत घालायला जीवच होईना. सार एकदा केलं, रंग बघून मुलांनी हात लावला नाही.

मार्चपासून फुलं नुसती गळत होती, रात्री उकडायला लागलं की फळ धरतच नाही, म्हणजे मला पेरायलाच उशीर झाला. आणि उंची! सहा फुटांवर गेली, बांबू वाकले, जुन्या साडीच्या पट्ट्यांनी कठड्याला बांधली.

हायब्रीड नसल्याने बी धरता येतं, म्हणून ब्लॅक क्रिमचा गर ग्लासात 3 दिवस आंबवला (वास भयंकर, ग्लास बाहेरच ठेवा), धुऊन बी ताटलीत वाळवलं. कागदावर वाळवू नका, चिकटतं. यंदा ऑगस्टमध्येच पेरणार, ट्रे पावसात भिजू नये म्हणून जिन्यात ठेवीन, आणि ब्रँडीवाइनच्या कुंड्यांत मिरच्या.