थार-जिम्नीला मोठे टायर: हिशेब चारांचा नव्हे, पाचांचा

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या सत्तरी-सांगे भागातले कुळागरवाले (सुपारी-नारळाच्या बागांचे मालक) एकच गोष्ट विचारू लागतात: थार-जिम्नीसारख्या गाडीला मोठे टायर बसवावेत का, आणि बसवले तर स्टेपनीचं काय करायचं? माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडच्या वाटांना एक पायरी मोठा टायर पुरे, पण घ्यायचे तर पाचही एकाच मापाचे. पाचव्याचे पैसे जमत नसतील तर कंपनीच्या मापातच चांगल्या ग्रिपचे घ्या.

आता मापं. 2020 पासूनच्या नव्या थारला सोळा इंची रिमवर 245/75 टायर येतो (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते), व्यास साधारण 774 मिलिमीटर. त्याजागी एक पायरी वरचा 265/75 बसवला की व्यास 804 होतो. वाढ 30 मिलिमीटरची दिसते, पण गाडीच्या पोटाखालची जागा वाढते तिच्या निम्मीच, 15. ज्याला सगळे तेहतीस इंची म्हणतात त्या 285/75 मध्ये ती 30 ने वाढते. जिम्नीला मूळ 195/80 आर 15, म्हणजे पंधरा इंची रिमचा, आहे. 215/75 ने तिचा व्यास जेमतेम 10 मिलिमीटर वाढतो, 235/75 ने 40.

एवढ्यासाठी काय द्यावं लागतं तेही बघा. 265 वर स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा थार खरी 83 ने चाललेली असते, 285 वर 86 ने. गिअर जड होतात, म्हणजे त्याच गिअरमध्ये इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. चोर्ला किंवा अनमोड घाटात भरल्या गाडीने चढताना हे लगेच जाणवतं, ब्रेकवरही ताण येतो. 285 नीट बसवायचा तर बहुतेकदा सस्पेन्शन उचलावं लागतं, आणि तिथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे अधोरेखित केलं. रोज फोंडा-पणजी करणाऱ्या गाडीसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. एक पायरी वर जातानाही ते माप कंपनीला मान्य आहे का, हे डीलरकडून आणि विमा कंपनीकडून आधी विचारून घ्या.

खरा फरक मापापेक्षा ग्रिपच्या प्रकाराने पडतो. मड-टेरेनच्या, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरच्या, मोठ्या खाचांमधून तांबडी माती फिरता फिरता उडून जाते. ऑल-टेरेनच्या, म्हणजे सगळ्या रस्त्यांसाठीच्या टायरच्या, खाचा चिकट चिखलात लवकर बुजतात. पण आपली बरीचशी धाव ओल्या डांबरावर असते. तिथे ऑल-टेरेन जास्त भरवशाचा, आवाजही कमी. रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर गोष्ट वेगळी. रुंदीचंही तसंच. जांभ्यावर चिखलाचा पातळ थर असेल तर अरुंद टायर तो कापून खालच्या दगडाला धरतो, खोल शेतात मात्र रुंद टायर तरंगतो. किनाऱ्यावरच्या वाळूसाठी म्हणून रुंद टायर घेत असाल तर तो विचार सोडाच. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

पैसे मोजण्याआधी एक तपासणी कराच. दुकानदाराला एकच टायर बसवायला सांगा. ते चाक जांभ्याच्या दोन-तीन चिऱ्यांवर चढवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. मग वाकून मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकवर बॅटरी मारा. घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर ते माप तुमच्या गाडीचं नव्हे.

आता स्टेपनी. जुनीच छोटी ठेवली तर पैसे वाचतात, मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर भारही वाढत नाही. पण थार-जिम्नीत फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनाचा जोर) लावल्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र जखडले जातात. एक चाक लहान असलं की सगळा ताण ट्रान्सफर केसवर (दोन्ही अ‍ॅक्सलना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो, म्हणजे चिखलात फोर-व्हीलची गरज असते नेमकं तेव्हाच ते वापरता येत नाही. अशी स्टेपनी लावावीच लागली तर पुढे लावा, टू-व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) ठेवा आणि हळू घर गाठा. मागचा पंक्चर झाला असेल तर पुढचा मोठा काढून मागे घाला.

नुसत्या पंक्चर किटवर राहणं हा तिसरा पर्याय. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि किट असेल तर स्टेपनी नसली तरी नियमाला चालतं, 2020 पासून तशी सूट आहे. शहरात ठीक. पण चिऱ्याच्या धारेने टायरची बाजू चिरली तर किटचा काही उपयोग नाही, आणि नेत्रावळीच्या आतल्या वाटांवर फोनला रेंज मिळेलच असं नाही.

म्हणून पाचवा त्याच मापाचा. तो मागच्या बंपरला टेकतो का, दार नीट लागतं का, हे बघून घ्या. टायर फिरवताना त्यालाही फेरीत धरा, म्हणजे पाचही सारखे झिजतात. नुसता टांगून ठेवलेला टायर उन्हाने कडक होतो. टायर किती जुना आहे हे कळायला बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. मोठ्या टायरवर मूळ जॅक पुरेसा उंच जातो का, हे अंगणातच पाहून घ्या. आणि फणसाच्या लाकडाची एक जाड फळी डिकीत ठेवा, नाहीतर चिखलात गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो.