बेलआऊट सिलिंडरच्या नावाखाली ७८,३५० रुपयांना टोपी

७८,३५० रुपये गेले. ३५,००० ॲडव्हान्स, ४१,५०० बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो आल्यावर, १,८५० नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्याला. तपासणीचे १,२०० वेगळे, ते मात्र सार्थकी लागले. घरी अजून अर्धाच आकडा सांगितलाय.

विकणाऱ्या माणसाची पद्धत जुनीच. डायव्हिंगवाल्यांच्या ग्रुपमध्ये ओळख, "कंपनीचा डायव्हर होतो, गुडघा गेला, सामान काढतोय", गोड बोलणं, मग घाई, मग फोन बंद. हे सगळ्यांना पाठ आहे, मलाही होतं. तरी त्याचं जमलं, कारण त्याने मला जे शिकवलं ते सगळं खरं होतं. खोटा होता तो फक्त माल.

मी रिब्रीदरच्या कोर्ससाठी बेलआऊट शोधत होते. रिब्रीदर म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, त्यात आपलाच श्वास फिरून परत येतो. सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषतो, खर्च झालेला ऑक्सिजन यंत्र भरून काढतं. लाइम थकला, आत पाणी शिरलं किंवा सेन्सर खोटं दाखवू लागले, की ते तोंडातून काढायचं, वेगळ्या सिलिंडरवर श्वास घ्यायचा आणि वर यायचं. तो सिलिंडर म्हणजे बेलआऊट. नागपूरहून अंदमानला विमानाने न्यायचा, वजनाचे पैसे लागतात, म्हणून मी ३ लिटरचा छोटा बघत होते. यावर हा गृहस्थ चक्क माझ्यावर चिडला.

"ताई, हिशोब करा. ३० मीटर खोलीवर दाब ४ बार. शांत असाल तर मिनिटाला २० लिटर ओढाल. पण शांत असताना कोणी बेलआऊटवर जातं का? कार्बन डायऑक्साइड चढला तर धाप आवरत नाही, ४० धरा. म्हणजे तिथे मिनिटाला १६० लिटर. तुमच्या ३ लिटरमध्ये २०० बारला ६०० लिटर. पावणेचार मिनिटांत खेळ खलास. वर येताना दाब उतरतो, मान्य, पण पहिली एक-दोन मिनिटं स्वतःला सावरण्यातच जातात. वर यायला मिनिटाला ९ मीटरने तीन मिनिटांच्या वर. आणि अंगात विरघळलेला वायू निघावा म्हणून वर येताना घ्यायचे थांबे कुठून करणार?"

मग त्याने ११.१ लिटरचे दोन ॲल्युमिनियम सिलिंडर सुचवले, प्रत्येकी साधारण २,२०० लिटर गॅसचे. एकात हवा, दुसऱ्यात ५० टक्के ऑक्सिजन, उथळ थांब्यांसाठी. "तो २१ मीटरच्या खाली तोंडाला लावायचा नाही, झटके येतात". मी माझ्या इन्स्ट्रक्टरला विचारलं. तो म्हणाला, माणूस बरोबर सांगतोय. तेव्हा "चौकशी नाही केली का?" असं विचारणाऱ्यांसाठी: केली होती. सल्ला शंभर टक्के बरोबर निघाला.

आता तो फोटो. सिलिंडरच्या खांद्यावर सगळं ठोकलेलं असतं: बनवणारा, क्रमांक, दाब, पहिली चाचणी, नंतरच्या प्रत्येक हायड्रो टेस्टची (पाणी भरून दाबाच्या चाचणीची) तारीख. त्याने खांद्याचा फोटो आणि टेस्टचं सर्टिफिकेट दोन्ही पाठवलं. सर्टिफिकेटवर क्रमांकाच्या शेवटी सहा-एक. फोटोत सहा-सात. मी विचारलं. विचारलं होतं मी! उत्तर आलं, "पंच झिजलेला असतो ताई, एकाचा सात दिसतो." मी अंगठा पाठवला. तो अंगठा अजून चॅटमध्ये आहे आणि दर दोन दिवसांनी मी तो उघडून बघते. झिजलेल्या पंचाने रेघ पुसट होईल. वर आडवी रेघ नवी कुठून येईल? पण त्या संध्याकाळी ऑफिसचं क्लोजिंग होतं, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सकाळी, आणि ज्याने माझा जीव वाचावा म्हणून मला झापलं, त्याच्यावर एका आकड्यावरून संशय घ्यायचा? तुम्ही घेतला असता? शाबास.

त्याच फोटोत आणखी होतं. टेस्टची नवी तारीख चकचकीत, आणि शेजारी, जिथे जुन्या तारखा असायला हव्यात, तिथे पिवळा रंग जाड आणि गुळगुळीत. एक अक्षर नाही. विकणाऱ्याने जिथे रंग जास्त लावलाय तिथेच नखाने खरवडा. फोटोवर नाही, हातात घेऊन.

माल वाडीत उतरला. बिल्टीचा फोटो आला की उरलेले पैसे, असं ठरलं होतं. मी शब्द पाळणारी, टाकले. तुम्ही नका पाळू. गोदामात जा, पोतं फाडा, खांदा वाचा, मग पैसे.

हिंगण्याच्या एमआयडीसीत सिलिंडर तपासणारे एक काका आहेत. त्यांनी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह काढला, आत बोट फिरवलं आणि ते माझ्या नाकासमोर धरलं. तेल. विकणाऱ्याने "ऑक्सिजन क्लीन", म्हणजे आत तेलाचा अंशही नाही, म्हणून या सिलिंडरचे जास्त पैसे घेतले होते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की भरतानाच भडका उडू शकतो. म्हणजे जळाला असता तो भरणारा पोरगा, ज्याचा यात काहीच संबंध नाही. मग काकांनी आत दिवा सोडला, आरसा फिरवला. दोन्ही सिलिंडरांच्या मानेच्या आट्यांत भेगा. रंगाखाली ग्राइंडर मारलेला, तरी एका कडेला ८४, म्हणजे १९८४, वाचता येत होतं. त्या काळी अमेरिकेत बरेच सिलिंडर ६३५१ या मिश्रधातूचे बनत. दाबाखाली वर्षानुवर्षं राहून त्यांच्या मानेत भेगा पडतात हे कळल्यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस कारखाने ६०६१ वर गेले. जुन्या सिलिंडरवर नवी तारीख ठोकलेली असेल तर आधी जुनी तारीख शोधा.

"काहून घेतलं बाई हे? हे तं भंगारातलं हाय," काका म्हणाले. दोन्ही मिळून २८ किलोच्या आसपास ॲल्युमिनियम. मला किलोला २,७०० रुपयांच्या वर पडलं.

मग पोलीस ठाणं. "ऑक्सिजन सिलिंडर? कोरोनातलं का?" नाही, पाण्याखालचं. "मॅडम, नागपुरात एवढं पाणी कुठं हाय?" तिघं हसले. "माल भेटला ना? मग फसवणूक कशी? दिवाणी मामला." मी म्हटलं, खोटा शिक्का ठोकून माल विकणं ही फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ बघा. "वकील हाव का तुम्ही?" अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, पण बँक म्हणाली खातं केव्हाच रिकामं झालं. तिथे पैसे गेल्या गेल्या फोन करायचा असतो. मला फसवलंय हे कळायलाच सिलिंडर उघडावा लागला, त्याला मी काय करू? ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, विकणारा व्यापारी असल्याचं दाखवा. तो म्हणतोय घरचं सामान विकलं.

सगळ्यात कहर पुराव्याचा. सिलिंडर जमा करून घ्या म्हटलं तर मालखान्यात नको, "फुटलं तर?" रिकामं आहे हो, व्हॉल्व्हसुद्धा नाही त्यात! तिकडे काका म्हणतात, नापास सिलिंडर परत वापरात जाऊ नये म्हणून कापायलाच हवा. ठाण्यात म्हणतात कापू नका, पुरावा आहे. लेखी द्या म्हटलं तर देत नाहीत. देशभरच्या गॅस सिलिंडरांचे नियम बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय याच शहरात, सेमिनरी हिल्सला. चाचणीची मुदत संपलेला सिलिंडर भरताच येत नाही असं २०१६ चे गॅस सिलिंडर नियम सांगतात. हे ठाण्यात सांगितलं तर हवालदार म्हणाला, "मग तुम्ही भरूच नका ना."

कोर्सला जिथे जाणार तिथे बेलआऊट भाड्याने मिळतो का, ते आधी विचारा, मी न विचारता विकत घ्यायला धावले याला कारण पुन्हा तोच, "भाड्याच्या सिलिंडरवर जीव टाकता का ताई?" घ्यायचाच असेल तर तपासणी तुमच्या ओळखीच्या केंद्रावर, तुमच्यासमोर. सर्टिफिकेटची पीडीएफ कोणीही बनवतो. आणि गॅस भरून मिळाला तरी ॲनालायझर (ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं यंत्र) लावल्याशिवाय तोंडाला लावू नका, भरणारा सख्खा भाऊ असला तरी.

परवा दुसऱ्या ग्रुपमध्ये तीच जाहिरात दिसली. नाव वेगळं, गाव वेगळं, गुडघ्याऐवजी कंबर गेलीय. पिवळे सिलिंडर, जोडीचे ६८,०००, "बिल्टी पाठवल्यावर बाकी". माझा नंबर त्याने ब्लॉक केलाय, म्हणून बहिणीच्या फोनवरून खांद्याचा फोटो मागवलाय. आला की तक्रारीला जोडते. तुमच्यापैकी कोणाला हा माल आला असेल तर व्हॉल्व्ह काढू नका, भरायला तर अजिबात नेऊ नका, आणि तुमचा तक्रार क्रमांक मला कळवा.