साडेसात महिने, 6,200 किलोमीटर : बिनदरवाजाची गाडी आणि परतवाड्याचे रस्ते

दिवाळीत घेतली, आता मृग लागला. बाजारातल्या काट्यावर अर्ध्या टाकीसकट 610 किलो भरली. आमच्या बोलेरोच्या निम्म्याहूनही कमी. चौकोनी पाइपची चेसिस, फायबरची बॉडी, जिप्सीचं 1298 सीसीचं 80 हॉर्सपॉवरचं इंजिन, दोन सीट. दरवाजे, छत, एसी, पॉवर स्टीअरिंग, यातलं काहीच नाही. बाबांनी अंगणात पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाले, "हे त शंकरपटाचा छकडा हाय रे बाबू." बैलांच्या शर्यतीत, म्हणजे पटात, छकड्यातून एकेक लाकूड का कमी करतात हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यांना यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

गाडीचा हा घाट मूळचा लोटस सेव्हन या इंग्लिश गाडीचा. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी ती 1957 मध्ये आणली. तेव्हा इंग्लंडमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांचा संच घेऊन घरी जोडली तर तो वाचायचा. 1973 मध्ये कर बदलला, आणि त्याच वर्षी त्या गाडीचे हक्क केटरहॅम या इंग्लिश कंपनीकडे गेले. त्यांनी पुढे एका मॉडेलला सुझुकीचं फक्त 660 सीसीचं इंजिन बसवलं. वजन कमी असलं की तेवढंही पुरतं.

माझा रोजचा रस्ता परतवाड्यापासून संत्र्याच्या बगीच्यापर्यंतचा, बारा किलोमीटर. बोलेरोत तो रस्ता नुसता संपायचा. या गाडीत साठच्या वेगालाही दोन्ही हात, पाठ, तळपाय कामाला लागतात. डांबर कुठे सोललंय ते स्टीअरिंगमध्ये कळतं. आंबिया बहाराच्या दिवसांत फुलांचा वास आधी येतो, बगीचा नंतर दिसतो. वेगाची हाव इथे मनातच येत नाही, आणि मला या गाडीची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

खरी मजा चिखलदऱ्याच्या घाटात. पहाटे साडेपाचला निघायचं, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढायचं. वळणाआधी अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पुढची चाकं रस्त्यात रुततात, थोडा दिला की मागचं अंग वळायला मदत करतं. जड गाडीत हे सगळं उशिरा कळतं. उतारावर ब्रेकला बूस्टर नाही, पाय जोरात दाबावा लागतो. पण गाडीच हलकी, त्यामुळे ब्रेक तापून ढिले पडल्याचं एकदाही झालं नाही.

सुरुवातीचे दोन महिने मात्र गाडी खड्ड्यावर उसळायची. सस्पेन्शन बदलायला निघालो होतो. मग लक्षात आलं, टायरवाला सवयीने 32 ची हवा भरत होता. एवढ्या हलक्या गाडीला 19-20 पुरते. हवा उतरवली आणि गाडी रस्त्याला चिकटली. अशी गाडी घेणाऱ्याने स्वतःचा गेज ठेवावाच.

त्रासही सांगतो. गतिरोधक तिरपेच पार करावे लागतात, नाहीतर सायलेन्सर घासतो. ट्रकच्या शेजारी आपलं डोकं त्याच्या चाकाच्या उंचीला येतं, म्हणून मागे बांबूला लाल झेंडी लावली आहे. रात्री चालवत नाही. रोही आणि रानडुक्कर एकदम आडवे येतात आणि समोर काच फक्त वीतभर आहे. एप्रिलनंतर सकाळी आठच्या पुढे चालवणं अशक्य. वरून ऊन, पायाशी एक्झॉस्टची धग. पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळल्यावर धग बरीच कमी झाली. अॅव्हरेज 15-16.

कागदपत्रांचं आधी पाहा. माझी जुनी, आरसीवर लिहिलंय तेच इंजिन. घरी बांधून पासिंग मिळेल या भरवशावर पैसे गुंतवू नका. गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सांगितलं आहे.

दुरुस्तीचं सुख वेगळंच. प्रत्येक बोल्ट डोळ्यासमोर. क्लचची केबल शेतातच बदलली, मुलीने टॉर्च धरला आणि कोणता नट कुठला हे तिनेच सांगितलं.

आता काळ्या मातीचे रस्ते निसरडे होतील. पोळ्यापर्यंत गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली. तोवर मागच्या चाकांची बेअरिंग बदलून घेतो.