इंग्रजीतले आवाज शिकवणारा कॉलेज रोडचा क्लास

कर्णबधिर प्रेक्षकांसाठी मी इंग्रजी सबटायटल लिहिते. त्यात संवादांपेक्षा कंसातले आवाज जास्त घाम काढतात. नुसतं ‘दार वाजलं’ लिहून भागत नाही. ते करकरलं, धाडकन आपटलं की कुणी हळूच टकटक केली, हे कळलं नाही तर वाचणाऱ्याच्या हातून प्रसंग निसटतो. म्हणून नाशिकच्या कॉलेज रोडला एक निवृत्त प्राध्यापिका घरीच घेतात तो शनिवार-रविवारचा क्लास मी लावला.

बाई शब्दांची यादी देत नाहीत. आधी आवाज ऐकवतात आणि विचारतात: काय आपटलं, कशावर आपटलं, नंतर घुमलं का? भांडी बाजारात त्यांनी स्वतः केलेलं रेकॉर्डिंग तर मी घरी येऊनही ऐकत बसले. तांब्याचा हंडा फरशीवर टेकतो आणि घुमत राहतो, तो क्लँग. शटरची जाड साखळी ओढली जाते, आवाज जड पण लगेच संपणारा, तो क्लँक. पेल्यांची चळत कोसळते, तो क्लॅटर. शेजारच्या टपरीवर चहाचे दोन ग्लास एकमेकांना लागतात, तो क्लिंक. हे शब्द मी रोज वापरत होते, पण त्यांच्यातला फरक कानाला असा कधी जाणवला नव्हता.

घंटांसाठी अख्खं एक सत्र होतं. सुरुवात अर्थात नारोशंकराच्या घंटेपासून, १७३९ च्या वसईच्या विजयाची आठवण सांगणाऱ्या. मराठीत घड्याळाचे टोल पडतात, त्यामुळे मोठ्या घंटेला इंग्रजीतही टोल लिहायला हात शिवशिवतो. पण संथ, एकेक ठोक्याच्या त्या शब्दाला इंग्रजीत अंत्यविधीची छाया आहे. आरतीच्या प्रसंगाखाली तो लिहिला तर वाचणारा भलत्याच शंकेत पडेल. लागोपाठ खणखणणाऱ्या घंटांना पील, देवघरातल्या घंटीला टिंकल, घुंगरांना जिंगल. माझ्यासारखीची फी इथेच वसूल झाली.

एसएन या जोडाक्षराने सुरू होणारे स्नोअर, स्निफ, स्नॉर्ट, स्नीझ हे सगळे नाकाचेच कसे, हेही बाईंनी छान उलगडलं. अशा अर्थ सुचवणाऱ्या ध्वनिगटांना भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये फोनेस्थीम हे नाव दिलं. हेच फर्थ त्याआधी लाहोरला इंग्रजी शिकवत होते.

बोलण्याच्या तऱ्हांवर मात्र क्लास घाईत उरकला जातो, आणि ही उणीव मोठी आहे. मटर म्हणजे नाराजीने पुटपुटणं, मंबल म्हणजे ओठ नीट न उघडता अस्पष्ट बोलणं, मर्मर म्हणजे हळू, मऊ आवाजात बोलणं: इतकं नीट झालं. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, हे बाईंनी आम्हाला गळ्यावर बोटं ठेवून दाखवलं. पण पुढचे हस्की, होर्स, ग्रफ, श्रिल एका झेरॉक्सवर आले. सर्दीने बसलेला आवाज होर्स आणि ऐकायला बरा वाटणारा घोगरेपणा हस्की, हे नुसतं वाचून कसं कळणार? इथे माणसांचे आवाज ऐकवायलाच हवे होते. स्वर लांबवत रेंगाळणाऱ्या ड्रॉलला तर एकही नमुना नव्हता.

आणखी एक. आवाज मोबाइलच्या स्पीकरवर लागतात आणि खिडकी रस्त्याकडे आहे, त्यामुळे मागच्या रांगेत बारीक सळसळ पोचत नाही. बाईंना सांगितलं, त्यांनी लगेच लिहून घेतलं.

अनुवाद, डबिंग, सबटायटल किंवा कथालेखन करत असाल तर जरूर जा. पुढची जागा धरा आणि हेडफोन न्या. नुसतं बोलायचं इंग्रजी सुधारायचं असेल तर हा क्लास तुमच्यासाठी नाही. बाई माणसांच्या आवाजांची वेगळी बॅच काढणार असतील, तर मी पहिल्या दिवशी नाव नोंदवेन.