फोटोत ११.४ व्होल्ट होते: लिपो पॅक घेताना झालेली फसवणूक

मॉडेल विमानं उडवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर हे पडायला हवं, म्हणून लिहितोय. २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचे, तीन सेलचे दोन लिपो पॅक, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या, मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतले. "जेमतेम पाच वेळा चार्ज केलेत, छंद सोडतोय म्हणून काढतोय," असं तो म्हणाला. पुरावा म्हणून चार्जरच्या स्क्रीनचा फोटोही पाठवला: ११.४ व्होल्ट. तो आकडा बघून मी निर्धास्त झालो. लिपो काही दिवस ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवतात, आणि तीन सेलचे मिळून बरोबर ११.४ होतात. बॅटरी सांभाळणारा माणूस दिसतोय, असं वाटलं आणि पैसे पाठवले.

पॅक आले ते चकाचक. श्रिंक, म्हणजे वरचं प्लास्टिकचं आवरण, नवं, लेबल नवं, त्यावर ठसठशीत ४५सी, म्हणजे क्षमतेच्या ४५ पट करंट देण्याचा दावा. सोबत बॅलन्स लीडबद्दल, म्हणजे प्रत्येक सेलला वेगळ्या जोडलेल्या बारीक तारांबद्दल, मेसेज: "बॅलन्स लीडचे प्लग जरा ढिले आहेत. ते जोडू नका, नुसत्या मुख्य वायरवर चार्ज करा. काही होत नाही."

हा सल्ला जिवावर बेतू शकतो. मुख्य वायरवरून चार्जरला फक्त तिन्ही सेलची बेरीज दिसते. ती १२.६ होईपर्यंत तो करंट ढकलत राहतो. एखादा सेल मागे असेल, तर ती कसर बाकीचे दोन ४.२ च्या वर जाऊन भरून काढतात. ४.२ च्या पुढे सेलच्या आत धातूरूप लिथियम साचू लागतं, वायू धरतो, उष्णता वाढते, आणि तिथून आग फार लांब नसते. कोणता सेल कुठे आहे हे चार्जरला कळतं ते बॅलन्स लीडच्या त्या चार बारीक तारांमधूनच.

तेव्हा मात्र मी त्याचं ऐकलं. पॅक फरशीवर ठेवला, १सी, म्हणजे क्षमतेइतकाच करंट, इथे २.२ अँपिअर, लावला आणि शेजारीच बसलो. वीसेक मिनिटांत लेबलवरची सुरकुती ताणून सपाट झाली. हात जवळ नेला तर ऊब लागली. लगेच चार्जर बंद केला, पॅक चिमट्याने उचलून बाहेर वाळूच्या बादलीत ठेवला आणि तासभर लांबून नजर ठेवली. पेटला नाही. पण मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो असतो तर?

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरने एकेक सेल मोजला: ४.३७, ४.३५, ३.७८. मग न लावलेला दुसरा पॅक मोजला: ४.०२, ४.०१, ३.३७. बेरीज केली आणि अंगावर काटा आला. बरोबर ११.४०. फोटो खराच होता. त्याने फक्त बेरीज दाखवली होती. आणि दोन्ही प्लग मुळीच ढिले नव्हते. बॅलन्स लीड लावली असती तर मेलेला सेल पहिल्याच मिनिटाला स्क्रीनवर दिसला असता, म्हणून ती लावू द्यायची नव्हती. वरचं श्रिंक उघडलं तर खाली जुनं, मळकं लेबल. विचारायला गेलो तर त्याने मला ब्लॉक केलं.

पैशांचं दुःख आहेच. पण घरात आग लागू शकते हे माहीत असून कुणी असा सल्ला देतो, याचा संताप अजून जात नाही.

वापरलेला पॅक घेणारच असाल, तर बॅलन्स लीड जोडलेल्या चार्जरचा, प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं दिसणारा फोटो मागा. शक्यतो पूर्ण चार्जनंतरचा आणि एका उड्डाणानंतरचा, दोन्ही. चार्जर इंटर्नल रेझिस्टन्स (सेलचा आतला विद्युत रोध) दाखवत असेल तर तोही मागा. एका सेलचा आकडा बाकीच्यांच्या कितीतरी पट असेल तर सौदा सोडा. लेबलवरच्या 'सी'वर जाऊ नका. २२०० एमएएचला ४५सी म्हणजे ९९ अँपिअर होतात, आणि लेबलवर काय वाटेल ते छापता येतं. पॅक हातात आला की चार्जरला लावण्याआधी सेल मोजा. एखादा ३ व्होल्टच्या खाली गेलेला असेल, तर त्याला हळूहळू चार्ज करून जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. सेल फारच खाली गेलेला असेल तर आतलं तांबं विरघळू शकतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

ते दोन्ही पॅक मी उघड्यावर छोट्या बल्बवर पूर्ण उतरवले, टोकांना टेप लावली आणि ई-कचऱ्यात दिले. देण्याआधी नवी-जुनी सगळी लेबलं फाडली आणि मार्करने मोठ्या अक्षरांत 'खराब' लिहिलं, कुणी पुन्हा नवं श्रिंक चढवून विकू नये म्हणून.